शाळा कोणाच्या दारात?

1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारली शेतमजूर हजारोंनी जमले आणि यापुढं वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. त्यांना संघटित करणारे गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथं होते. पुढं गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला, ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच वर्षी जवळच्याच समुद्रकाठच्या बोर्डीत ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आणि तिकडं दिल्लीत, नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांची समिती देशाच्या आरोग्याचा अहवाल तयार करत होती. तो 1946 साली बाहेर आला.

ही तिन्ही कामं आपापल्या वाटेनं चालली. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शाळा काढाव्यात का, कुठं काढाव्यात, असा विषय निघाला की मी मात्र या तिन्हींकडं एकत्र पाहतो. पूर्वी पाहत नव्हतो. माझं मत तेव्हा सरळ होतं: तलासरीत रात्री-अपरात्री बाळंतीण अडली तर डॉक्टर गाठायला तारांबळ उडते, आणि तुम्ही लोकांना आलेख काढायला शिकवणाऱ्या शाळा कसल्या काढता? आधी डॉक्टर द्या. हे मत पुरतं चुकीचं होतं असं अजूनही म्हणवत नाही. पण ते अपुरं होतं.

कसं अपुरं, ते प्लेगच्या गोष्टीत दिसतं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये ती स्वतःलाच टोचून घेतली. म्हणजे लस होती, डॉक्टर होते, सरकारकडं पैसा होता, पुण्यात तर लष्करही होतं. तरी काय झालं, ते आपल्याला पाठ आहे. शिपाई घराघरांत घुसले, देवघरं विटाळली, प्लेग अधिकारी रँडचा खून झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले हडपसरजवळ मुलगा यशवंतच्या दवाखान्यात रुग्णसेवा करता करता गेल्या. डॉक्टर आणि शिपाई यांच्या मधली एक जागा रिकामी होती. साथ कुठून कुठं चालली आहे हे मोजणारा, लोक का बिथरतात हे ओळखणारा, पाणी, धान्य, उंदीर आणि भीती या सगळ्यांचा एकत्र हिशेब मांडणारा माणूस त्या जागेवर हवा होता. तशा माणसाला तयार करणारी शाळाच तेव्हा नव्हती.

ती पुढं रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं अमेरिकेत निघाली आणि निघतानाच तिच्यावरून मतभेद झाले. विक्लिफ रोझ हे दक्षिणेकडच्या राज्यांतल्या अंकुशकृमीच्या मोहिमेतून आलेले गृहस्थ. अनवाणी चालणारी गरीब माणसं, उघड्यावरचं शौच, मातीतून पायात शिरणारी अळी हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. गावोगाव काम करणारे अधिकारी घडवणारी, प्रात्यक्षिकावर भर देणारी, प्रांतोप्रांती पसरलेली शाळा त्यांना हवी होती. वैद्यकशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांना जर्मन धर्तीची संशोधन संस्था हवी होती. शाळेच्या आराखड्याच्या 1915 च्या अहवालावर नावं दोघांची आहेत, पण 1916 मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जी शाळा निघाली ती बरीचशी वेल्च यांच्या मनासारखी. रोझ यांची गावातली शाळा कागदावर राहिली. माझ्या मते या विषयातला मूळ तिढा तोच, आणि शंभर वर्षांनंतरही तो सुटलेला नाही.

1932 च्या डिसेंबरात कोलकात्याला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ उघडली, तीही रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं. तिनं पुढं सिंगूरचा ग्रामीण भाग विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी घेतला. रोझ यांची कल्पना निदान एका गावापुरती खरी झाली म्हणायची. मग भोर समिती आली. तिला नुसता औषध देणारा डॉक्टर नको होता, समाज समजणारा डॉक्टर हवा होता. म्हणून प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र हा विषय वैद्यकीय शिक्षणात आला, महाविद्यालयांत त्याचे विभाग निघाले. हेतू थोर होता. प्रत्यक्षात 'पीएसएम' हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पार्कच्या जाडजूड पुस्तकातून घोकायचा विषय झाला. कुठल्याही डॉक्टरला विचारा, तो हसेल.

आता बोर्डीकडं वळतो. ताराबाईंपुढं प्रश्न शिक्षणाचा होता. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कोणी गुरांमागं होतं. मुलांना ओढून आणण्याऐवजी बाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली, घरापुढच्या अंगणात भरवली. पोरांना आंघोळ घालायची, नखं काढायची, डोकं विंचरायचं, आणि मग गाणी-गोष्टी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. 1957 च्या सुमारास हे सगळं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अंगणवाडी हा शब्द इथला, डहाणू तालुक्यातला. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. आज आसामातली बाईही अंगणवाडीच म्हणते.

या गोष्टीकडं आपण बालशिक्षणाच्या इतिहासातलं पान म्हणून पाहतो. मला त्यात सार्वजनिक आरोग्याची पद्धत दिसते. जे येत नाहीत ते का येत नाहीत हे आधी शोधायचं, आणि मग आपली सोय मोडून त्यांच्या सोयीनं जायचं. एखाद्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात याहून वेगळं काय शिकवणार?

आणि डहाणू तालुक्यानं हे पुन्हा एकदा करून दाखवलं. 1970 च्या दशकात सूर्या नदीकाठच्या कासा प्राथमिक आरोग्य केंद्रात, मुंबईच्या जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधले बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. शाह यांनी माता-बाल आरोग्य आणि पोषणाचा प्रकल्प चालवला. त्यांनी गावातल्याच बायकांना अर्धवेळ कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्या घरोघर जाऊन मुलांची वजनं करायच्या, वाढीच्या तक्त्यावर टिंबं मांडायच्या, आणि जोखमीतली आई किंवा मूल कोणतं ते वेगळं काढायच्या. सगळ्यांकडं सारखं लक्ष देण्याइतकी माणसं नसतात, तेव्हा आधी कोणाकडं पाहायचं हे ठरवणं हे शास्त्र आहे. ते शास्त्र कासाच्या बायका पायी फिरून करत होत्या.

पुढं याच अंगानं महाराष्ट्रात मोठी कामं झाली. जामखेडला 1970 पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग. बंग दांपत्याचं उदाहरण मला विशेष बोलकं वाटतं, कारण ते हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले, म्हणजे वेल्च यांच्या शाळेतून, आणि परतल्यावर त्यांनी काम केलं ते रोझ यांच्या पद्धतीचं. गावातल्या बायका नवजात बाळाचा न्यूमोनिया आणि जंतुदोष ओळखून उपचार करू शकतात हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं, आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आकडेमोड शिकवणाऱ्या शाळेवरचा माझा राग इथं निवळला. गावातली बाई बाळं वाचवते हे तिला आणि बाळाच्या आईला आधीच ठाऊक असतं; सरकारला पटवायचं तर ते मोजून, तुलनेचा गट ठेवून सांगावं लागतं. आज घरी येऊन बाळ तपासणारी आशाताई आपल्याला सवयीची झाली आहे, तिच्यामागं ही मोजणी आहे.

2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाचं उद्घाटन झालं आणि नव्या शाळांची लाट आली. गांधीनगर, हैदराबाद, दिल्ली, भुवनेश्वर. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र त्याआधीचं. आपल्याकडं देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, पुणे विद्यापीठात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, शिकवतात. या लाटेतली एक गोष्ट चांगली झाली: दार डॉक्टरांपुरतं राहिलं नाही. अर्थशास्त्राचा, समाजकार्याचा, नर्सिंगचा पदवीधरही आत येऊ लागला. पण गावं पाहा. सगळी शहरंच.

डहाणू-तलासरीत आज काहीच नाही असंही नाही. धुंदलवाडीजवळ खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. डहाणूला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. आणि प्रश्न तर मुबलक आहेत. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. 2023 च्या जुलैत त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्ताचा थेंब तपासणं त्यातलं सोपं काम. वाहक असलेल्या मुलामुलीला लग्नाआधी काय सांगायचं, कोणत्या बोलीत, घरच्या कोणासमोर, आणि तपासणीचं कार्ड पुढं गावात त्यांच्या नावाला चिकटणार नाही हे कसं पाहायचं, इथं खरा अभ्यास सुरू होतो. किंवा भूकंप घ्या. नोव्हेंबर 2018 पासून या पट्ट्यात धक्के बसू लागले, घरं तडकली, आणि ऐन थंडीत माणसं लहान पोरांसकट बाहेर तंबूत झोपू लागली. ढिगारे झालेच नाहीत, त्यामुळं आपत्तीच्या ठरलेल्या साच्यात ते बसेना. महिनोन् महिने झोप मोडलेल्या, गारठलेल्या वस्तीचं आरोग्य कोणत्या विभागाच्या रजिस्टरात लिहायचं?

म्हणून मला वाटतं, नवी शाळा काढायचीच तर ती इथं काढावी. लगेच मनात धास्तीही येते. कारण 'फील्ड' या शब्दानं आदिवासी भागाचं बरंच वाटोळं केलं आहे. शहरातून विद्यार्थी येतो, प्रश्नावली भरून घेतो, प्रबंध होतो, पाड्यावर काही परत येत नाही. त्याच मुलाच्या दंडाला पुन्हा मोजपट्टी लागते, आई मुकाट्यानं पोर पुढं करते. शाळा इथं आली आणि विद्यार्थी मात्र बाहेरूनच येत राहिले, तर आणखी काही पट्ट्या लागतील, एवढंच. अंगणवाडीताई, आशाताई, नर्सबाई यांना त्यांच्या अनुभवाच्या जोरावर वर चढता येईल, प्रमाणपत्रापासून पदवी आणि पदव्युत्तरपर्यंत, अशी शिडी आधी हवी. वीस वर्षं पाडा फिरलेली बाई वर्गात बसली तर शिक्षकालाही जरा तयारी करून यावं लागेल.

शिकून नोकरी काय, हा प्रश्न कोणी विचारला तर तो हलका समजू नये. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं वेगळं केडर पूर्वीपासून आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं ते सगळ्या राज्यांत व्हावं असं म्हटलं, 2022 मध्ये केंद्रानं त्याची मार्गदर्शक चौकट दिली. पदं निर्माण झाली नाहीत तर पदवीधर कंत्राटावर किंवा एखाद्या सल्लागार कंपनीत जाईल. त्यालाही घर चालवायचं असतं.

एक बारीकसा प्रश्न तरी उरतोच, वेळापत्रकाचा. दिवाळी झाली की इथले पाडे रिकामे होऊ लागतात. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी सीमेपलीकडं वापी-उंबरगावला, कोणी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून. ऑक्टोबरात वजन केलेलं मूल डिसेंबरात पाड्यावर नसतं, ताईच्या रजिस्टरात त्याच्यापुढं 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. ती माणसं परततात पावसाच्या तोंडावर. शाळेचं पहिलं सत्र जूनपासून पाड्यावर घेता येईल. दुसऱ्या सत्राचे वर्ग मात्र भट्टीवर भरवावे लागतील, मजुरांच्या झोपड्यांशेजारी, संध्याकाळी चुली पेटल्यावर. कुरणशाळा गुरं जातील तिकडं जायची.