बाळंतिणीला विचारायचे कोणी?

अज्ञान हा दोष आहे काय, या प्रश्नाला नीतिशास्त्राने सरसकट उत्तर दिलेले नाही. संत थॉमस अक्विनास यांनी अज्ञानाचे दोन प्रकार मानले. एक अज्ञान असे, की माणसाने कितीही धडपड केली तरी ते दूर होत नाही. त्याचा ठपका त्या माणसावर येत नाही. दुसरे असे, की थोड्या प्रयत्नाने ते दूर झाले असते आणि ते दूर करणे त्या माणसाचे कामच होते. ज्याच्या पदाला, ज्याच्या व्यवसायाला जे ज्ञान लागते ते त्याने मिळवलेच पाहिजे. न मिळवल्यास ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब त्याला सोडवीत नाही. वैद्याला नाडी कळली पाहिजे, होडीच्या तांडेलाला भरती-ओहोटी कळली पाहिजे. हा जुना भेद आज आम्हाला आठवण्यास कारण घडले आहे ते बाळंतिणीचे दुःख.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात बाईचे मन हळवे होते, उगाच रडू येते. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना हा अनुभव येतो आणि दहा-पंधरा दिवसांत तो आपोआप ओसरतो. दुसऱ्या टोकाला हजारांत एकदोघींना होणारा भयंकर आजार आहे. त्यात भास होतात, भलतेच संशय मनात घर करतात, आणि आई व मूल दोघांच्याही जिवाला धोका असल्याने रुग्णालय गाठण्यास एका दिवसाचाही विलंब परवडत नाही. या दोहोंच्या मध्ये जे पसरले आहे त्याला बाळंतपणानंतरचे नैराश्य म्हणतात. ते आठवड्यामागून आठवडे, कित्येकदा महिनेच्या महिने टिकते. मूल मांडीवर असते, पण त्याच्याविषयी काहीच वाटत नाही. आणि वाटत नाही म्हणून आपण वाईट आई आहोत, ही टोचणी रात्रंदिवस लागून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वीस हजारांवर मातांचा त्यात समावेश होता आणि प्रमाण निघाले शेकडा २२. पाच पाळण्यांमागे एक आई, असा त्याचा साधा अर्थ.

कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, बॅकबेच्या पाण्याला लागून मच्छीमार नगर वसले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तेथील किनाऱ्याला अतिरेक्यांची रबरी होडी लागली आणि हे नाव देशभर पोहोचले. एरवी त्या वस्तीकडे वळून पाहण्याची सवड मुंबईला नसते. तेथील एखादी बाळंतीण आपण डोळ्यांसमोर आणू या. नवरा होडीवर. जून-जुलैची मासेमारीबंदी असेल तर तो घरी, पण मग घरात पैसा नाही. स्वतः ती गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापर्यंत पहाटे ससून डॉकला जाऊन म्हावरे घेत होती आणि पाटी घेऊन विकायला बसत होती. आता दहा-बारा फुटांच्या खोलीत सासू, दीर, मोठे मूल आणि हे तान्हे. सव्वा महिना तिने बाहेर पडायचे नाही. शेक-शेगडी होते, डिंकाचे लाडू होतात, बाळाला न्हाऊ-माखू घातले जाते. बाळंतिणीच्या अंगाची जितकी काळजी आपल्या समाजात घेतली जाते तितकी फार थोड्या समाजांत घेतली जात असेल, हे आम्ही अभिमानाने सांगू. तिच्या मनाला मात्र या व्यवस्थेत जागा नाही. ती सांगणार ते अंगाच्याच भाषेत: डोके जड झाले आहे, कंबर धरली आहे, दूध उतरत नाही, झोप लागत नाही. ऐकणाऱ्यांची उत्तरेही तयार असतात. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते बाधा झाली, आणि सासू म्हणते, “आम्ही काय बाळंत झालोच नाही?”

सासूला आम्ही दोष देणार नाही. तिचे अज्ञान पहिल्या प्रकारचे आहे. तिला कोणी शिकवलेच नाही. परंतु ज्यांना शिकवले जाते, ज्यांच्या अंगावर पांढरा कोट किंवा परिचारिकेचा गणवेश असतो, त्यांचे काय?

दक्षिण मुंबईतील कित्येक पिढ्या कामा रुग्णालयात जन्मल्या. ते रुग्णालय १८८६ साली सुरू झाले त्यामागे एक साधे निरीक्षण होते. पुरुष डॉक्टरसमोर बाई आपले दुखणे बोलत नाही, आणि न बोलताच मरते. म्हणून स्त्रियांसाठी स्त्रियांनीच चालवलेले रुग्णालय हवे, असा आग्रह त्या वेळच्या मुंबईकरांनी धरला, इंग्लंडहून डॉ. एडिथ पेची यांना पाचारण केले, देणग्या दिल्या. म्हणजे बाईचे मौन हा वैद्यकाचा प्रश्न आहे आणि तो सोडवण्यासाठी शिक्षणाची पद्धत बदलावी लागते, हे या शहराला सुमारे १४० वर्षांपूर्वीच समजले होते. त्या मौनाचा शरीरापुरता भाग तेव्हा फुटला. उरलेला अजून तसाच आहे.

आमच्या परिचयाच्या एक निवृत्त परिचारिका आहेत. प्रसूतिकक्षात त्यांची तीस वर्षे गेली. त्यांना आम्ही विचारले, तुमच्या शिक्षणात याविषयी काय होते? त्या म्हणाल्या, “टाके पाहायचे, स्राव पाहायचा, छाती दाबून दूध पाहायचे, ताप पाहायचा. चेहरा पाहायला कोणी सांगितले नव्हते. पाहिला असता तरी पुढे काय करायचे ते ठाऊक नव्हते.” डॉक्टरांची स्थिती फार वेगळी नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मानसोपचाराची वेगळी परीक्षा नसते, तो विषय सामान्य वैद्यकात मिसळून जातो; आणि परीक्षेत जे वेगळे विचारले जात नाही ते विद्यार्थी किती मन लावून वाचतो, हे प्रत्येक घरातील पालकांना ठाऊक आहे.

वस्तीपर्यंत जी पोहोचते ती आरोग्य सेविका किंवा आशा. नवजात बालकाला घरी जाऊन तपासण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घालून दिली, १९९९ साली तिचे निष्कर्ष जगापुढे आले, आणि २०११ पासून ती देशभर राबवली गेली. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते. जवळ वजनकाटा, तापमापक, घड्याळ. महाराष्ट्राने देशाला दिलेली ही देणगी थोर आहे, तिने असंख्य बालके वाचवली. त्या भेटींच्या छापील नमुन्यात आईविषयीही प्रश्न आहेत. ताप आहे काय, दूध येते काय, ती असंबद्ध बोलते काय, तिला झटके येतात काय. असंबद्ध बोलणारी आई या प्रश्नात सापडेल. बोलणेच थांबवलेली आई सापडणार नाही.

मग विचारायला शिकवावे, एवढेच ना? येथे खरी नैतिक अडचण सुरू होते. एडिंबरा येथे जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. गेल्या सात दिवसांत हसू आले काय, पुढच्या गोष्टींची वाट पाहावीशी वाटली काय, असे साधे प्रश्न आहेत. दहावा मात्र स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराविषयी आहे. समजा, मच्छीमार नगरातल्या त्या खोलीत आरोग्य सेविकेने दहावा प्रश्न विचारला आणि उत्तर ‘होय’ आले. आता तिने काय करावे? पडद्यापलीकडे सासू बसलेली. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे तर ‘वेडी’ हा शिक्का. जखम उघडायची आणि मलमपट्टी न करता निघून जायचे, हे न विचारण्याहून अधिक क्रूर नव्हे काय? काही अनुभवी डॉक्टर याच कारणास्तव म्हणतात की, जोवर उपचाराची सोय नाही तोवर विचारू नये.

हा आक्षेप आम्हाला हलका वाटत नाही. पण उपचार म्हणजे तज्ज्ञच, असे त्यात गृहीत धरलेले आहे आणि ते पुराव्याला धरून नाही. त्याच एडिंबऱ्यातील जेनी होल्डन यांनी १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरभेटी देणाऱ्या आरोग्य परिचारिकांना थोडे प्रशिक्षण दिले. त्यांनी आठवड्यातून एकदा, अशा आठ वेळा, निदान अर्धा तास बसून आईचे ऐकून घ्यायचे. तीन महिन्यांनी अशा २६ मातांपैकी १८ बऱ्या झाल्या होत्या. नेहमीचीच देखभाल मिळालेल्या २४ मातांपैकी ९. आकडे लहान आहेत, खरे. परंतु २००८ साली डॉ. आतिफ रहमान यांनी पाकिस्तानातील पंजाबात ९०० हून अधिक नैराश्यग्रस्त मातांवर केलेल्या अभ्यासात, शालेय शिक्षण झालेल्या गावातल्याच आरोग्यसेविकांनी प्रशिक्षणानंतर हे काम केले. सहा महिन्यांनी त्यांच्याकडील मातांपैकी शेकडा २३ आजारी उरल्या होत्या, दुसऱ्या गटात शेकडा ५३. पुढे गोव्यात शेजारपाजारच्या बायकांनाच शिकवून असा प्रयोग झाला. तेथे लाभ दिसला, पण पंजाबाइतका ठळक नव्हे. हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा शिकवायचे ते केवळ प्रश्नावली भरणे नाही. अर्धा तास समोर बसून मध्ये न बोलणे, ‘सगळे ठीक होईल’ असे न म्हणणे, उपदेश न करणे, आणि कोणत्या क्षणी प्रकरण आपल्या हाताबाहेर आहे ते ओळखून रुग्णालयाचा रस्ता धरणे. फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन वेल यांनी १९४२ साली शालेय अभ्यासावर एक निबंध लिहिला. भूमिती असो वा लॅटिन, अभ्यासाने कमवायची ती अवधान देण्याची शक्ती, आणि दुःखिताला त्याचे दुःख विचारता येणे ही त्याच शक्तीची परिणती, असे त्यांचे म्हणणे. आमच्या महाविद्यालयांत उत्तरे देण्याची परीक्षा होते. विचारण्याची होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातील मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ माता नैराश्यात होत्या. त्यांतील बहुसंख्य गरोदरपणीच मनाने खचलेल्या होत्या, आणि सहा महिन्यांनीही निम्म्याहून अधिक बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणे कोणती? दारिद्र्य, नवऱ्याशी बिनसलेले संबंध, आणि बाळ मुलगा की मुलगी. घरातली उपासमार आणि नवऱ्याची मारहाण यांचा घाव किती खोल जाईल, हे बाळाच्या लिंगावरही अवलंबून होते. ज्या गोव्याकडे आपण सुशिक्षित, ख्रिस्ती वस्तीचा प्रदेश म्हणून पाहतो, तेथली ही गोष्ट. मग याला आजार म्हणायचे की अन्याय? मुलगी झाली म्हणून जिला टोमणे मिळतात, तिला गोळी देऊन शांत करणे म्हणजे अन्यायालाच औषधाचे लेबल लावणे, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर आहे?

आम्हाला वाटते, निवड करण्याची सक्ती येथे नाही. घाणेरड्या पाण्याने हगवण होते. पाण्याची व्यवस्था सुधारणे हे न्यायाचे काम आहे, म्हणून आजच्या रुग्णाला मीठ-साखरेचे पाणी नाकारता येत नाही. उलट, हे दुखणे ओळखायला शिकलेल्या सेविकेलाच घरातल्या मारहाणीचा पत्ता प्रथम लागतो. प्रशिक्षणात हाही भाग हवा. नवऱ्याला आणि सासूला शेजारी बसवून बोलायचे कसे, हे शिकवले नाही तर बाकीचे शिक्षण खोलीच्या उंबरठ्यावरच अडते.

आता थोडे आपल्या घराविषयी. नाताळच्या गोठ्यात आपण जी मारिया ठेवतो ती नेहमी शांत, प्रसन्न, गुडघे टेकलेली. प्रसूतीच्या रात्री गोठ्यातल्या थंडीत बाईचा चेहरा कसा दिसत असेल, हे मूर्तिकार दाखवीत नाही. आणि ज्या आईला आपल्या बाळाकडे पाहून तसे प्रसन्न वाटत नाही ती देवळात त्या मूर्तीसमोर अधिकच खचते. लूकच्या शुभवर्तमानात मात्र बाळ मंदिरात आणले जाते तेव्हा वृद्ध शिमोन आईकडे वळतो आणि तलवारीची गोष्ट बोलतो. आपण तो सण २ फेब्रुवारीला, नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी पाळतो. पूर्वी चाळीस दिवसांनी बाळंतीण देवळाच्या दाराशी येई आणि धर्मगुरू बाहेर येऊन तिला आशीर्वाद देत आत नेत. व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ च्या नव्या विधीत, आईचा आशीर्वाद बाळाच्या स्नानसंस्काराच्या अखेरीस सामावला गेला. त्या जुन्या प्रथेला विटाळाची जी छाया चिकटली होती ती गेली हे उत्तमच झाले. पण केवळ आईसाठी राखलेली ती भेटही तिच्याबरोबर गेली.

प्रायश्चित्त संस्काराला येणारी एखादी तरुण आई सांगते, “फादर, मला माझ्या बाळाचा राग येतो.” ती हे पाप म्हणून सांगते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझमने मानसिक कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होते, कधी नाहीशीही होते, असे स्पष्ट म्हटले आहे; आत्महत्येसंबंधीही गंभीर मनोव्यथा ध्यानात घेण्यास सांगितले आहे. म्हणजे सिद्धांत शिकवलेला आहे. जाळीपलीकडच्या त्या वाक्यात पाप नसून दुखणे असू शकते, हे क्षणात ओळखता येणे हे वेगळे शिक्षण. ते धर्मगुरूंना, धर्मभगिनींना आणि विवाहपूर्व मार्गदर्शन वर्ग घेणाऱ्या जोडप्यांनाही मिळाले पाहिजे. त्या वर्गांत कुटुंबनियोजनावर बोलणे होते. होणाऱ्या नवऱ्याला बाळंतिणीच्या मनाविषयी चार वाक्ये सांगायला किती वेळ लागेल?

कायदा या बाबतीत आपल्याही पुढे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ठरवून दिले की, उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडले जाऊ नये. बंगळूरच्या ‘निम्हान्स’मध्ये २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. असे विभाग देशात बोटांवर मोजण्याइतके. पण बहुतेक बाळंतिणींना रुग्णालयात ठेवण्याची गरजच नसते. त्यांना हवा असतो तो आठवड्यातून एकदा अर्धा तास, बाकीची मंडळी बाहेर गेलेली, आणि समोर शिकून आलेली बाई. मच्छीमार नगरात जाणारी आरोग्य सेविका मानधनावर काम करते, लसीकरणापासून क्षयरोगाच्या सर्वेक्षणापर्यंत सर्व कामे तिच्याच माथी असतात, आणि कितीही वेळ ऐकत बसली तरी तिच्या नोंदवहीत त्याला रकाना नाही. तो अर्धा तास तिच्या कामाच्या तासांत धरायचा आणि त्याचे पैसे तिला द्यायचे, हे महापालिकेला आणि शासनाला ठरवावे लागेल.