युक्त विहार: कोल्हापूर ते गणपतीपुळे

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 17.

मित्रांनो, भगवंत इथे आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण, सगळ्यांत प्रमाण ठेवायला सांगतात. विहार म्हणजे फिरणंसुद्धा!

कोल्हापूरहून आंबा घाटमार्गे गणपतीपुळे एका बाजूने साधारण 145 किमी, चारेक तास. त्याच दिवसात पावस आणि जयगडही कोंबलं, की कात्री लागते ती गाडी चालवणाऱ्याच्या झोपेला. परतताना घाटात त्याचा डोळा लागला, तर मागे बसलेल्या आई-बाबांचं काय?

म्हणून एकच दर्शन ठरवा. डोंगरालाच गणपती मानून घालायची तिथली प्रदक्षिणा निवांत घाला. दुपारी तीनला परत निघा, घाट उजेडात चढा. आदल्या रात्री पुरेसं झोपणं हीसुद्धा साधनाच आहे.

गणपती बाप्पा मोरया!