एकाच देवीचे दोन वण

माझ्या आजीच्या गालांवर देवीचे वण होते. माझ्या डाव्या दंडावरही देवीचा वण आहे. तिला देवी आल्या होत्या, मला देवी काढल्या होत्या. रोग आणि त्यावरची लस, दोन्हींना मराठीनं एकच नाव दिलं. संकट आणि कृपा यांच्याकडे बघण्याची आपली दृष्टी कशी बदलत गेली, ते या एका शब्दात साठलेलं आहे.

आजीच्या लहानपणी देवी आल्या की घरात कुणी पाहुणं यावं तशी वागणूक असे. दाराला कडुनिंबाचा टाळा, स्वयंपाकात फोडणी नाही, अंथरुणातल्या पोराला कुणी रागावायचं नाही, कारण त्याच्या अंगात आई उतरलेली. बंगालीत तर या रोगाला ‘आईची दया’ म्हणत. दहातले तीनेक रोगी दगावत, त्या रोगाला दया म्हणायचं? मला ही निव्वळ भीती वाटायची. कोपलेल्याला गोड बोलून शांत करावं, तशी.

आजीमुळे माझं मत बदललं. तिच्याबरोबरच तिच्या धाकट्या भावाला देवी आल्या होत्या. “त्याला आईनं नेलं, मला राखलं,” एवढंच ती सांगे. नेणारी तीच, राखणारीही तीच. त्यामुळे भावासाठी तिनं देवीला कधी बोल लावला नाही, आणि आपण आपल्या पुण्याईनं वाचलो असंही कधी म्हटलं नाही. आपल्याला राखलं ते कशासाठी, एवढाच प्रश्न तिच्याजवळ उरला होता. त्याचं उत्तर तिनं हातांनी दिलं. आळीत कुणाकडे देवी आल्या की घरचेही जवळ जायला कचरत. आजी उशाशी बसे, पाणी पाजे, निंबाच्या डहाळीनं वारा घाली. “मला ती पुन्हा शिवायची नाही,” म्हणे. एकदा देवीतून उठलेल्याला सहसा पुन्हा देवी येत नाहीत, हे वैद्यकही सांगतं. आजीचं कारण वेगळं, डॉक्टरांचं वेगळं. तळमळणाऱ्या पोराला मात्र उशाशी माणूस मिळालं.

लसीच्या मुळाशीही हाच अनुभव आहे. गाईच्या सौम्य देवी येऊन गेलेल्याला मोठ्या देवींपासून संरक्षण मिळतं, हे एडवर्ड जेन्नरनं १७९६ मध्ये दाखवलं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. लोक बिचकले. आईच्या येण्याजाण्यात माणसानं हात घालायचा? टोचणारा आला की मुलं लपवली जात. इथे श्रद्धा चुकली आणि त्या चुकीची किंमत लेकरांनी मोजली, हे श्रद्धावंतानंच आधी कबूल केलं पाहिजे.

पण श्रद्धा तिथेच थांबली नाही. लोक टोचण्यालाच ‘देवी काढणं’ म्हणू लागले आणि जिच्या कोपाचं भय होतं, तिचंच नाव रक्षणालाही मिळालं. देवी काढणारा आमच्या दारी आला तेव्हा माझा दंड आजीनंच पुढे धरला. “रडू नको, तिची नुसती ओळख होऊ दे,” म्हणाली. लस म्हणजे काय, हे मला पुढे कुणी याहून सोपं करून सांगितलं नाही.

मे १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण आढळला. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं. रोग गेला, तरी मुंबईत माहीमला त्याच आईपुढे, शितलादेवीपुढे, आजही आया लेकरांना घेऊन उभ्या राहतात. “राख गं आई,” हे त्यांचं मागणं मला भाबडं वाटत नाही. तिथे हात जोडताना आजीचा चेहरा आठवतो, आणि सध्या आपल्या ओळखीत कोण आजारी आहे, कुणाच्या उशाशी जायचं राहून गेलं आहे, ते मनात मोजूनच मी बाहेर पडतो.