ध्वजावरचे चक्र आणि स्तंभावरची आज्ञा



२००२ साली नवी ध्वजसंहिता आली. तेव्हापासून सामान्य नागरिकालाही वर्षातल्या कोणत्याही दिवशी आपल्या घरावर मानाने तिरंगा लावता येतो. आपल्या वस्त्यांतही तो लागतो. मुले वर बघतात आणि विचारतात, मधले निळे चाक कोणाचे? उत्तर देणाऱ्या आईबापांना ते नीट ठाऊक असले पाहिजे.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला. १९३१ पासून काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. पण चरख्याच्या एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती. ध्वज तर दोन्हीकडून सारखा दिसावा लागतो. ही अडचण पंडित नेहरूंनी सभेत सांगितली. म्हणून नुसते चाक ठेवले, आणि त्याचा आकार घेतला सारनाथच्या अशोकस्तंभावरून. ठराव वाचला तर मौज वाटते. चाक चरख्याचे द्योतक, असे एका वाक्यात म्हटले आहे आणि त्याचे रूप अशोकाचे, असे पुढच्याच वाक्यात! डॉ. राधाकृष्णन यांनी मात्र त्याच सभेत हे धर्माचे चक्र असल्याचे सांगितले. ध्वजाचा विचार करणाऱ्या समितीत परमपूज्य बाबासाहेबही होते. त्यांनी एकट्यानेच चक्र आणले, असे आपल्या सभांतून सांगितले जाते, तसे सांगू नये. समिती अनेकांची होती आणि बाबासाहेबांचे मोठेपण अशा गोष्टींवर अवलंबून नाही.

चोवीस आऱ्यांचेही तसेच. बारा निदाने अनुलोम आणि प्रतिलोम मिळून चोवीस, असा अर्थ आपल्याकडे लावतात. शिकवण्यासाठी तो चांगला आहे. पण ठरावात तो नाही आणि अशोकाच्या लेखातही नाही. मुलांना इतिहास म्हणून तो सांगू नका.

आता सारनाथकडे वळू. त्या काळचे ते इसिपतन. तेथे भगवान बुद्धांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला. त्यालाच आपण धम्मचक्कप्रवर्तन म्हणतो. अशोकाने तेथे स्तंभ उभारला, वर पाठीला पाठ लावलेले चार सिंह बसविले आणि त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह आणि त्यांच्यामधून चार चक्रे कोरविली. ध्वजावर आले ते यांतलेच चक्र. सिंहशीर्ष आज तेथल्या संग्रहालयात आहे. स्तंभाचा तुटलेला बुंधा अजून जागेवर उभा आहे.

त्या बुंध्यावर ब्राह्मी लिपीत एक आज्ञा आहे. चक्राविषयी आपण पुष्कळ बोलतो, या आज्ञेविषयी मात्र कोणी बोलत नाही. वरच्या ओळी फुटल्या आहेत, पण आशय स्पष्ट आहे. संघात कोणी फूट पाडू नये. जो भिक्खू किंवा भिक्खुणी फूट पाडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून भिक्खूंच्या निवासाबाहेर ठेवावे. पांढरी वस्त्रे गृहस्थांची. त्यांत कमीपणा नाही, आपण विहारात तीच नेसून बसतो. पण फूट पाडणाऱ्याच्या अंगावर चीवर राहू द्यायचे नाही, असा राजाचा निर्णय होता.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. घरे चाळीस, जयंती मंडळे दोन. वर्गणीच्या हिशेबावरून सख्खे भाऊ वेगळ्या मिरवणुकीत चालतात. एका गटाच्या घरी मयत झाली तर दुसऱ्या गटाची माणसे दारातूनच परततात. जातीच्या उतरंडीतून बाहेर पडताना आपण एकत्र होतो. बाहेर आल्यावर मात्र आपापले झेंडे वेगळे करून बसलो. दोन्ही झेंड्यांवर चक्र तेच आहे!

अशोकाने ही आज्ञा केवळ भिक्खूंवर सोपविली नाही. तिची एक प्रत अधिकाऱ्यांजवळ आणि एक उपासकांजवळ असावी, उपासकांनी दर उपोसथाला येऊन ती समजून घ्यावी, असे तो त्याच लेखात सांगतो. उपासक म्हणजे तुमच्याआमच्यासारखी प्रपंचाची माणसे. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर कोणीतरी ही आज्ञा मोठ्याने वाचून दाखवावी. आणि ती ऐकायला दोन्ही मंडळांना बोलवावे. निरोप घेऊन लहान मुलाला पाठवू नये, वडीलधाऱ्यांनी स्वतः जावे.