पशूंची बुद्धी आणि दयेचे प्रमाण

निरूपण करणाऱ्याच्या तोंडून कधी कधी असा शब्द निघून जातो की श्रोत्यांनीच त्याला निरूपण करण्याची वेळ येते. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या परिसरातील एका लहान गावी, ऐन रोवण्याच्या दिवसांत माझा मुक्काम होता. (हा मुलूख १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच मोडत होता, म्हणजे नीळभट्ट भांडारेकरांच्याच बाजूचा म्हणावयाचा.) सायंकाळी अहिंसेवर निरूपण चालू होते. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावून आलेली ती मंडळी. त्यांच्यापैकी काहींना पेंग येणे अगदी स्वाभाविक होते. मी मात्र किंचित चिडून म्हणालो, "असे बैलासारखे बसू नका, लक्ष द्या." निरूपण संपल्यावर एक वयस्क वासनिक पुढे आले, त्यांनी दंडवत घातला आणि हात जोडून म्हणाले, "बाबाजी, बैल तं आयकते. झोपलो आमी होतो."

सर्व मंडळी हसली, मीही हसलो. परंतु अहिंसेवर बोलता बोलता एका मुक्या जीवाचा आपण अकारण उपमर्द केला, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो असता या गोष्टीला आणखी एक बाजू आहे असे दिसून आले. त्यांच्या ओसरीवर एक कुत्रे होते आणि कोठ्यात एक म्हातारा हल्या, म्हणजे नांगराला जुंपला जाणारा रेडा, बांधलेला होता. चिखलणी आता ट्रॅक्टरने होते. हल्याला काम उरले नव्हते. बाजारात गिऱ्हाईक मात्र होते. मुलाचे म्हणणे, तो विकावा. बापाचे मन घेत नव्हते. बाप म्हणाले, "अन् कुत्रं म्हातारं झालं तं त्यालेही इकशील?" मुलगा म्हणाला, "कुत्र्याले समजते. हल्याले का समजते?" मग दोघेही माझ्याकडे पाहू लागले.

मुलाच्या या एका वाक्यात दोन विधाने आहेत. हल्याला समजत नाही, हे पहिले. आणि ज्याला कमी समजते त्याच्याविषयी आपले कर्तव्यही कमी, हे दुसरे. पहिल्याची परीक्षा निरीक्षणाने करावयाची, दुसऱ्याची शास्त्राने. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच या विषयावरील बहुतेक वाद निष्फळ होतात, असे मला वाटते.

पहिल्या विधानाचा निकाल आपल्या भाषेने फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. मंद मनुष्य बैलोबा, होला हो म्हणणारा नंदीबैल, एकामागून एक चालणारी माणसे मेंढरे, आणि न समजणारा तो गाढव. कुत्र्याला शिव्यांतून भाषेने सोडलेले नाही, परंतु त्याला मूर्ख असे कोणी म्हणत नाही. आता प्रत्यक्ष काय दिसते? सायंकाळी गावाची गुरे रानातून परततात तेव्हा प्रत्येक गाय आपापल्या दारापाशी कळपातून वेगळी होते; कोणी तिला हाकावे लागत नाही. बाजाराहून परतताना बंडीवाला झोपी गेला तरी बैल बंडी घरी आणून उभी करतात, हे कोणत्या शेतकऱ्याला ठाऊक नाही? नागझिऱ्याच्या जंगलाकडे गुरे नेणारे गुराखी सांगतात की वाघाची चाहूल लागली म्हणजे म्हशी पारडांना मध्ये घेऊन शिंगे बाहेर करून उभ्या राहतात. कुत्रे अशा वेळी बहुधा मालकाच्या पायांत येते.

पाश्चात्त्य संशोधकांनीही अलीकडे या गोष्टी प्रयोगाने तपासल्या आहेत. इंग्लंडात केंब्रिजजवळील बाब्राहम संस्थेत कीथ केंड्रिक व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली प्रसिद्ध केले की मेंढी पन्नास निरनिराळ्या मेंढ्यांचे चेहरे ओळखते आणि दोन वर्षांहून अधिक काळ ते विसरत नाही. ज्या प्राण्याच्या नावाने आपण चेहराहीन गर्दीला हिणवतो, त्याला स्वतःला पन्नास चेहरे स्मरतात! जर्मनीतील एका प्रयोगात (२०२१) सोळा वासरांना ठरावीक जागीच मूत्रविसर्जन करण्यास शिकविले गेले, तेव्हा त्यांतील अकरा वासरे थोड्याच दिवसांत शिकली. कुत्र्याच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेत जॉन पिली यांनी आपल्या चेसर नावाच्या कुत्रीला १०२२ वस्तूंची नावे शिकविली, असे २०११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा कुत्रे बुद्धिमान नाही असे कोणाचेच म्हणणे नाही.

मग कुत्रे शहाणे आणि हल्या मठ्ठ, असे आपल्याला इतक्या सहजपणे का वाटते? याचे उत्तर मला हंगेरीतील एका प्रयोगात सापडले. आदाम मिक्लोशी आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली दाखविले की न सुटणारे कोडे समोर ठेवले असता कुत्रे थोड्याच वेळात वळून माणसाच्या तोंडाकडे पाहते. माणसांनीच लहानाचा मोठा केलेला लांडगा मात्र तसे करीत नाही. यावरून लांडगा मंद ठरत नाही. त्याची बुद्धी त्याच्या कामात गुंतलेली असते, कुत्र्याची माणसाकडे वळलेली असते, इतकेच. (शेळीही अशी वळून पाहते, असे २०१६ साली लंडनच्या संशोधकांना आढळले, ती गोष्ट आपण शेळीच्या हिशेबी कधी जमा केली नाही.) आणि मांजराची गंमत अशी की आपल्या मालकाचा आवाज ते ओळखते, पण उठून येत नाही, असे २०१३ साली जपानमध्ये दिसून आले. म्हणजे आज्ञा पाळणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो आपल्याकडे पाहतो, आपण हाक मारताच शेपूट हलवितो, त्याला आपण बुद्धिमान म्हणतो. हे बुद्धीचे माप नव्हे. यात आपल्या अहंतेचा अंश बराच आहे.

आता दुसरे विधान. समजा, हल्या खरोखरच कुत्र्याहून मंद आहे. मग काय? आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ सांगितले आहेत. मुंगीपासून मनुष्यापर्यंत देह भिन्न असले तरी जीव हा पदार्थ एकच. तो अनादि अविद्येने वेढलेला, बद्ध, आणि तरीही मुक्तीस योग्य. इंद्रिये, मन, बुद्धी ही देहाबरोबर मिळणारी आणि देहाबरोबर सुटणारी साधने होत. आज जो हल्याच्या देहात आहे त्याला मिळालेले साधन बोथट असेल, पण त्यामुळे जीव बोथट झाला असे म्हणता येत नाही.

येथे एक शंका घेतली जाते आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. शंका अशी: मनुष्यदेहाचे श्रेष्ठत्व आपणही ज्ञानाधिकारावरूनच सांगतो, मग बुद्धीवरून जीवांची चढउतार लावण्यास शास्त्राचीच संमती नाही काय? या शंकेत बळ आहे. बराच काळ मला हिचे उत्तर नीट देता येत नसे. परंतु अधिकार आणि चातुर्य या दोहोंत भेद केला म्हणजे गाठ सुटते. अधिकार हा परमेश्वराचे ज्ञान ग्रहण करण्याचा आहे. एक हजार बावीस नावे जाणणारी कुत्री आणि एकही नाव न जाणणारी कोंबडी, या दोघींनाही तो पशुदेहात नाही. तेव्हा त्या अधिकाराच्या दृष्टीने दोघींमधील अंतर शून्य आहे. चातुर्यानेच अधिकार मिळत असता तर व्यवहारचतुर माणसे आधी तरली असती. तसे दिसत नाही. शिवाय अधिकार ज्याचा, जबाबदारीही त्याचीच. तो मनुष्याला दिला आहे तो स्वतःच्या आचरणाकरिता, दुसऱ्या जीवांना गुण देण्याकरिता नव्हे.

स्वामींनी आपल्या अनुयायांना घालून दिलेली मुंगीविषयीची आज्ञा सर्वांच्या मुखी आहे. आपल्यामुळे मुंगीसारख्या जीवावरही वैधव्याची पाळी येऊ नये, असा तिचा आशय. या आज्ञेकडे आपण बहुधा लहानातल्या लहान जीवाचे उदाहरण म्हणून पाहतो. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. मुंगी किती शहाणी, किती उद्योगी, हे तेथे सांगितलेलेच नाही; तिचे काय हरपेल, एवढेच सांगितले आहे. (कामकरी मुंग्यांचे जोडपे नसते, असे एखादा शाळकरी मुलगा सांगेल. त्याचे प्राणिशास्त्र बरोबर आहे, पण आज्ञेचा रोख त्या बाजूस नाही.) तीच गोष्ट लीळाचरित्रातील सशाची. पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली शिरला आणि त्याला अभय मिळाले. ससा शरण आला होता, एवढी एकच गोष्ट त्या ठिकाणी पुरेशी झाली.

आपला व्यवहार मात्र या दोन्ही मापांनी चालत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकावयाचे, त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन द्यावयाचे, आणि उरलेले वर्ष त्याच खांद्यावर जू. अनन्यभक्तीचे व्रत घेतलेल्याने बैलाला देवता मानून पुजू नये हे खरे. पण खांदे शेकण्यात देवताभक्ती येत नाही, आणि ते वर्षातून एकदाच करावे असेही कोठे सांगितलेले नाही. झाडीपट्टीतील शंकरपटांवर २०१४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली, पुढे राज्याने कायदा केला आणि २०२३ साली घटनापीठाने तो मान्य केला. आता पट पुन्हा भरतात. १९७६ च्या कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीस बंदी झाली, परंतु हल्या त्या बंदीत येत नाही. त्याच चिखलात, तसल्याच जुवाखाली दोघांची हयात गेलेली. एकाला कायद्याचे संरक्षण, दुसऱ्याला बाजार. हा भेद बुद्धीवरून केलेला नाही आणि वेदनेवरूनही नाही. जो जीवाचा विचार करतो त्याने तरी तो करू नये.

हे सर्व मी त्या बापलेकांना सांगितले. मुलगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाबाजी, कुत्रं उरलंसुरलं भात खाते. हल्याले भाराभर तणीस लागते." यात उद्धटपणा नव्हता, हिशेब होता, आणि तो चुकीचाही नव्हता. विका असे मला म्हणवेना. ठेवा असे म्हणावे, तर तणीस काही मी देणार नव्हतो. मी भिक्षेवर जगणारा. दुसऱ्याच्या कोठ्यातल्या वैरणीवर दया सांगणे किती सोपे असते, हे त्या वेळी जसे जाणवले तसे पूर्वी कधी जाणवले नव्हते. मी एवढेच म्हणालो की निर्णय तुमचा आहे, परंतु 'त्याला समजत नाही' हे कारण त्यात धरू नका. नाइलाजाने विकावाच लागला तर तो नाइलाज म्हणून मनात राहू द्या. त्याला हल्याचा दोष करू नका.

पुढील वर्षी रोवण्याच्याच दिवसांत त्या गावी गेलो तेव्हा हल्या कोठ्यात होता. त्याच्यापुढे तणीस टाकीत होता तो मुलगाच. मी जवळ जाऊन उभा राहिलो. हल्याने मान उचलून एकदा पाहिले आणि पुन्हा तणसात तोंड घातले. त्याने मला ओळखले की नाही, हे मला कळले नाही.