गाठीच्या अहवालात घराण्याची बातमी

कर्करोगाच्या गाठीचा तुकडा जनुकीय तपासणीला जातो तो औषध ठरवण्यासाठी. कोणत्या जनुकात बिघाड आहे हे कळले, तर काही वेळा नेमकी त्यावरची गोळी देता येते. पण कधी अहवालात न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही येते: हा दोष गाठीपुरता नसून जन्मापासून सगळ्या शरीरात असावा. रक्ततपासणीत ते पक्के झाले, की बातमी साऱ्या घराची होते. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांमधला असा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. तो असलेल्या स्त्रीला ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के धरली जाते.

हे रुग्णांना कळायला हवे असते का? परदेशांतल्या पाहण्यांत बहुतेक जण होकार देतात आणि कारण म्हणून मुलाबाळांचे, भावंडांचे नाव घेतात. तरीही होकार गृहीत धरता येत नाही. अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये अशी शिफारस केली होती, की कोणत्याही कारणाने व्यापक जनुकीय तपासणी केली तरी ५६ जनुके तपासून त्यांतले घातक दोष कळवावेत, मग रुग्णाची इच्छा काहीही असो. त्यावर टीका झाली आणि २०१४ मध्ये नकाराची मुभा मिळाली.

घराण्याच्या रक्तातली बातमी जाणून घ्यायची की नाही, हा पेच उल्हासनगरला अनोळखी नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण जास्त आहे. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणूनच लग्नाआधी रक्त तपासा, असे आवर्जून सांगितले जाते. पण ती तपासणी माणूस निरोगी असताना, मनाची तयारी करून करतो. गाठीतली बातमी मात्र केमोच्या ऐन धामधुमीत, न बोलावता येते. शिवाय थॅलेसेमियाचा वाहक स्वतः बहुधा ठणठणीत राहतो; बीआरसीएसारख्या दोषात धोका तो दोष असणाऱ्याच्याच शरीराला असतो.

आणि आपल्याकडे अशी बातमी सोयरिकीच्या वाटेवर आडवी येते. दोष मुलीच्या माथी मारला जातो, तिच्या आईला बोल लागतो. वस्तुतः हा वारसा वडिलांकडूनही तितकाच येतो. स्तनाचा कर्करोग म्हटला की आजी-मावशीचीच चौकशी होते. आत्याला काय झाले होते, हे कोणी विचारत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या दोषावर लवकर तपासणी किंवा प्रतिबंध शक्य आहे, तो सांगण्याकडेच कल असावा. पण समजून-उमजून दिलेला नकारही मान्य व्हावा. हे विचारण्याची वेळ तपासणीआधीची, आणि विचारायचे ते रुग्णाच्या भाषेत, सिंधीत किंवा मराठीत. अहवाल येईपर्यंत रुग्ण राहिला नाही, तर कोणाला कळवायचे, हेही तेव्हाच लिहून घ्यावे. मुलगी सज्ञान झाल्यावर जाणून घ्यायचे की नाही, हे तिने ठरवावे.

सहीसाठी कागद पुढे आला, की प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना विचारावे: यातून माझ्या मुलांविषयी काही निघेल का, आणि निघाले तर पुढे काय? हे विचारणे आगाऊपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे.