आडवं होणं

मुंबई कोणी मोठी केली, असं विचारलं की नाना शंकरशेट, भाऊ दाजी लाड ही नावं ओठांवर येतात. यायलाच हवीत. पण इथं पेठ गावात, सातगाव पठारावर, सकाळी बटाट्याच्या वावराकडे निघालेल्या माणसाला त्याच मुंबईतलं आणखी एक नाव घरातलं वाटतं. बाबू गेनू सैद.

याच आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ हे त्याचं गाव, १९०८ साली जन्म. घरात गरिबी, म्हणून पोटासाठी मुंबई गाठली आणि तो कापडगिरणीत कामाला लागला. ज्याचे दिवस कापडाच्या धाग्यांत जात होते, त्याला परदेशी कापडाच्या गाठींमुळे कोणाच्या घरची चूल विझते, हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

१२ डिसेंबर १९३०. काळबादेवीच्या रस्त्यावरून विलायती कापडानं भरलेला ट्रक पोलिसांच्या पहाऱ्यात निघाला. तो अडवायला बाबू त्याच्यापुढं आडवा झाला. तो उठला नाही आणि ट्रकही थांबला नाही. बावीस वर्षांचं वय होतं त्याचं.

त्या शहरात त्याच्याकडं ना पैसा होता, ना हुद्दा, ना ओळखीपाळखी. देण्याजोगा होता तो फक्त देह. तरीही मुंबईनं एका रस्त्याला त्याचं नाव दिलं. दानशूरांच्या, विद्वानांच्या रांगेत हा गिरणी कामगार ताठ मानेनं उभा आहे.

आपण दिवसातून कितीदा बाजूला होतो! डोळ्यांदेखत चुकीचं घडतं आणि ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणत आपण वाट मोकळी करून देतो. दरवेळी प्राण द्यावे लागत नाहीत. कधी पंचायतीत एक ‘नाही’ म्हणायचं असतं, कधी घरात लेकीच्या बाजूनं बोलायचं असतं. तेवढ्यालाही आपली जागा न सोडण्याचं बळ लागतं.

आंबेगावचं हे पोर समुद्राकाठी गेलं, ते परतलं नाही. आज त्याच्याच तालुक्यात, घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ म्हणतात. हे नाव किती साजतं! वाहत्या नदीला भिंत आडवी झाली, म्हणून पाणी साठलं, कालव्यांतून रानांत पोचलं. कोणीतरी आडवं झालं, तेव्हाच खालची शेतं भिजली.

आज सकाळी घराबाहेर पडताना एवढंच मनाशी धरू या: निदान एका गोष्टीसाठी मी बाजूला होणार नाही.